लिफ्टच्या आधी काटा: वजन लादलेल्या एका फोर-बाय-फोरचा प्रकरण अभ्यास

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, चॅसीच्या खाली, काळ्या रबराचा एक ठोकळा असतो. ॲक्सल फार वर आला तर लोखंडावर लोखंड आदळण्याआधी तो या रबरावर येऊन थांबतो. हा बंप स्टॉप. धडधाकट गाडीत हा ठोकळा धुळीने माखलेला असतो, कारण ॲक्सल त्याच्यापर्यंत क्वचितच पोचतो. माझ्या मित्राच्या गाडीत दोन्ही ठोकळ्यांची टोकं घासून चकचकीत झाली होती. डाव्या ठोकळ्याला उभी चीर गेली होती, आणि ॲक्सलवर तो जिथे टेकतो तिथला रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं.

मित्र म्हणाला, "तीन इंची लिफ्ट टाकायची आहे. कुठलं किट घेऊ तेवढं सांग." लिफ्ट म्हणजे सस्पेन्शनचे भाग बदलून गाडी उंच करणं.

मी त्याला सांगितलं, "किटचं नंतर बघू. आधी गाडी भर, दौऱ्याला निघताना भरतोस तशी, आणि काट्यावर घाल."

हे प्रकरण लिहून काढतोय, कारण सस्पेन्शनच्या कामात हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि बहुतेक वेळा तो उलट्या टोकाकडून विचारला जातो. उंची किती हवी ते आधी ठरतं, आणि वजन किती आहे ते कधीच मोजलं जात नाही.

गाडी आणि तक्रार

गाडी नेहमीच्या घडणीची. लॅडर चॅसी, डिझेल इंजिन, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी हात) आणि कॉइलओव्हर (शॉकअपभोवती बसवलेली स्प्रिंग), मागे सलग ॲक्सल, त्याला चॅसीशी जोडणाऱ्या पाच दांड्या म्हणजे लिंक, आणि कॉइल स्प्रिंग. व्हीलबेस 2750 मिमी. कंपनीतून निघाली तेव्हा टाकी भरून, माणसांशिवाय 2180 किलो: पुढच्या ॲक्सलवर 1170, मागच्यावर 1010. दाराच्या खांबावरच्या पाटीवर कमाल एकूण वजन 2900 किलो, पुढच्या ॲक्सलची मर्यादा 1400 आणि मागच्याची 1750.

दोन वर्षांत मित्राने एकेक वस्तू चढवत नेली. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढून काढणारं यंत्र), इंजिन-गिअरबॉक्सखाली जाड संरक्षक पत्रे, दोन्ही बाजूंना रॉक स्लायडर (दगडांपासून वाचवणारे दारांखालचे जाड पाइप), बॉनेटखाली दुसरी बॅटरी, डिकीत ड्रॉवर, टपावर रॅक आणि घडीचा तंबू, आणि मागे स्टेपनीसाठी बाहेर उघडणारं कॅरियर. प्रत्येक वस्तू त्याने विचार करून घेतली होती, प्रत्येकीमागे एखाद्या प्रवासातली अडचण होती. पण बेरीज कुणीच केली नव्हती.

गाडी मागून बसली. एका वर्कशॉपने मागच्या स्प्रिंगखाली 30 मिमीचे स्पेसर घालून दिले. उभी असताना गाडी सरळ दिसायला लागली आणि काही दिवस मित्र खूश होता. मग तक्रारी परत सुरू झाल्या. भरलेल्या गाडीने वेगात खड्डा घेतला की मागून दणका बसतो. लाटा आलेल्या रस्त्यावर मागची बाजू दोन-तीन वेळा वरखाली डुलत राहते. रात्री समोरून येणारे दिवे मारतात, म्हणजे आपले हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जातात. आणि ब्रेक लावला की पूर्वीपेक्षा नाक जास्त खाली जातं.

स्पेसर काढून पाहिले तेव्हा मागच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर रंग उडालेल्या चकचकीत रेषा दिसल्या. वेटोळी एकमेकांवर टेकत होती. स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त 30 मिमी उचलून धरली जाते. ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत गेला की त्या क्षणी स्प्रिंग पूर्वीपेक्षा 30 मिमी जास्त दाबलेली असते, आणि ही स्प्रिंग तेवढी दाबली जाण्यासाठी वळलेलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट याच वेळी सापडली. मागच्या लिंकचे रबरी बुश, म्हणजे त्यांच्या टोकांतल्या रबरी पुंगळ्या, फाटायला आले होते. गाडी जॅकवर लटकवलेली असतानाच त्यांचे बोल्ट आवळले गेले होते. रबरी बुश ज्या कोनात आवळला जातो, तोच कोन त्याचा आरामाचा कोन ठरतो. हवेत आवळला की गाडी जमिनीवर आल्यापासून तो कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये चिरतो. बोल्ट नेहमी गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. हे कुठलंही किट बसवताना लागू आहे, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

काट्यावर

काट्यावर तीन वजनं घ्यायची: फक्त पुढची चाकं, पूर्ण गाडी, फक्त मागची चाकं. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी, गिअर न्यूट्रल, ब्रेक सोडलेला. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाशी जुळलं नाही तर जमिनीला उतार आहे किंवा ब्रेक अडकलेला आहे असं समजून पुन्हा करायचं. आम्ही ज्या काट्यावर गेलो तो दहा-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवत होता, या कामाला तेवढं पुरतं.

दौऱ्याच्या सामानासह, दोन माणसं बसलेली: पुढे 1430, मागे 1560, एकूण 2990.

मित्र आकड्याकडे बघत राहिला. पाटीवरच्या कमाल वजनापेक्षा गाडी 90 किलोने जड होती आणि पुढचा ॲक्सल 30 किलोने. त्याची समजूत होती की त्रास मागे आहे, म्हणजे वजनही मागेच जास्त असणार. मागच्या ॲक्सलला तर अजून 190 किलोंची मुभा होती.

पहिला निर्णय इथेच झाला, आणि स्प्रिंग निवडण्यापेक्षा तो मोठा होता. जाड स्प्रिंग घातली म्हणून गाडीची वजन वाहण्याची परवानगी वाढत नाही. पाटीवरचा आकडा स्प्रिंगसोबतच ब्रेक, ॲक्सलचं हाउसिंग, व्हील बेअरिंग, चॅसी आणि टायर या सगळ्यांचा मिळून असतो. काही देशांत ठरावीक भाग बदलून, चाचणी करून हा आकडा अधिकृतपणे वाढवून मिळतो, पण ती वेगळी प्रक्रिया आहे. नुसत्या किटने ते होत नाही. 2990 किलोच्या गाडीसाठी स्प्रिंग निवडायला मी तयार नव्हतो. वजन आधी उतरवायचं आणि उरलेल्यासाठी स्प्रिंग घ्यायची, असं ठरलं.

वजन कुठे टांगलंय

घरी येऊन आम्ही सुट्ट्या वस्तू तोलल्या, बसवलेल्यांची वजनं त्यांच्या कागदांवरून घेतली, आणि प्रत्येक वस्तू ॲक्सलपासून किती अंतरावर आहे ते टेपने मोजलं. दोन संध्याकाळी गेल्या, पण सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच होती.

स्टेपनीचं कॅरियर घ्या. जागा बदलल्यामुळे वाढलेलं निव्वळ वजन 55 किलो. ते मागच्या ॲक्सलच्या 1.1 मीटर मागे टांगलेलं. तराजूच्या दांडीसारखा हिशेब आहे: 55 गुणिले 1.1 भागिले 2.75, म्हणजे 22. पुढच्या ॲक्सलवरचं 22 किलो ओझं उचललं जातं आणि ते मागच्यावर येऊन बसतं. मागच्या स्प्रिंगला 55 किलोची वस्तू 77 किलोची वाटते. पुढे बंपर आणि विंच यांचंही तसंच. मूळ बंपर वजा करून 85 किलो, पुढच्या ॲक्सलच्या 85 सेंमी पुढे. पुढच्या स्प्रिंगला 111 किलो, मागे 26 किलोंची सूट.

अशी सगळी बेरीज केल्यावर कायमचं चढवलेलं वजन 424 किलो निघालं: पुढे 198, मागे 226. दौऱ्याचं वजन, म्हणजे माणसं, पाणी, हत्यारं, खाणं, डिझेलचे कॅन, 382 किलो. त्यातले 324 मागे.

स्प्रिंगच्या निवडीत ही फोड फार महत्त्वाची असते. कायमचं वजन किती आणि येणारं-जाणारं किती? कायमच्या वजनासाठी स्प्रिंग बदलायची. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी सवड ठेवायची. रोज रिकामी फिरणारी आणि वर्षातून एकदा भरली जाणारी गाडी असेल तर जड स्प्रिंग घालून वर्षभर कंबर मोडून घेण्यात काही अर्थ नाही; तिथे कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या बऱ्या. लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर (लीफ स्प्रिंग) चालणाऱ्या पिकअपला मात्र या पिशव्या जपून घालाव्यात. पाटा आपलं ओझं दोन टोकांवरून चॅसीवर देतो, पिशवी ते मधल्या एकाच जागी देते. मागे लांबवर वजन टांगलेलं असेल तर चॅसी तिथेच वाकते.

आता उतरवायचं काय? मित्राशी यावर बराच वेळ बोललो आणि काही गोष्टी त्याला सोडवेनात. त्याचा राग आला नाही, त्याने त्या जिवापाड जमवल्या होत्या. शेवटी हे ठरलं. डिझेलचे दोन कॅन काढायचे, कारण त्याच्या कुठल्याच वाटेवर टाकी अपुरी पडत नव्हती. पाणी 80 लिटरऐवजी 40. हत्यारांतले दुहेरी-तिहेरी पाने (स्पॅनर) काढून 25 किलो कमी. विंचची पोलादी दोरी काढून सिंथेटिक, 8 किलो कमी.

एवढं केल्यावर एकूण वजन मर्यादेत आलं, पण पुढचा ॲक्सल हललाच नाही. उलट आमच्या हिशेबात तो काही किलोंनी जडच झाला. मित्राला हे पटेना. कारण कॅनचं होतं. ते मागच्या कॅरियरवर टांगलेले होते, म्हणजे ते पुढची बाजू 17 किलोंनी उचलून धरत होते. ते गेले आणि ते 17 किलो पुढे परत आले.

मग दुसरी बॅटरी बॉनेटखालून काढून मागे ड्रॉवरच्या शेजारी नेली. 24 किलो पुढून गेले. आणि सगळ्यात अवघड निर्णय, टपावरचा तंबू. 60 किलोंचा तंबू काढून जमिनीवर लावायचा 12 किलोंचा घेतला. मित्राचा जीव त्या तंबूत अडकला होता. त्याला जे गणित दाखवून मी तयार केलं ते लिफ्टच्या उंचीशीही जोडलेलं आहे, म्हणून पुढे मांडतो.

पुन्हा काटा: पुढे 1380, मागे 1440, एकूण 2820.

तीन इंच का नाही

बाजारात तीन इंची किट म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा कंपनीच्याच कडकपणाच्या जवळपासची, पण लांब स्प्रिंग असते. मित्राची मूळ मागची स्प्रिंग आम्ही प्रेसखाली दाबून पाहिली होती. कडकपणा 32 न्यूटन प्रति मिमी, म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला सव्वातीन किलो. मागच्या ॲक्सलवर वजन 1010 वरून 1560 झालं, म्हणजे एका बाजूला 275 किलो जास्त. या हिशेबाने गाडी 84 मिमी बसते. तीन इंच म्हणजे साधारण 75 मिमी. तेवढी लिफ्ट घालूनही त्याची पूर्ण भरलेली गाडी कंपनीच्या मूळ उंचीपेक्षा 9 मिमी खालीच राहिली असती, आणि सामान उतरवलं की डोंगरासारखी उभी राहिली असती.

हे गणित कागदावरचं आहे का, ते आम्ही ताडून पाहिलं. स्पेसर काढून, फक्त कायमचं वजन ठेवून, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजलं आणि त्याच मॉडेलच्या एका कोऱ्या गाडीशी तुलना केली. मागची बाजू सरासरी 35 मिमी खाली होती. 226 किलोंना गणितही 35 च सांगतं.

पुढच्या बाजूला तीन इंचांचा त्रास वेगळा आहे. चाकापर्यंत जाणारा हाफ शाफ्ट दोन सांध्यांमध्ये साधारण 400 मिमी. चाक 35 मिमी खाली गेलं तर सांध्याचा कोन पाच अंशांनी वाढतो, 75 मिमी गेलं तर साडेदहा अंशांच्या वर. वाढलेल्या कोनात सांधा गरम होतो, त्याचा रबरी बूट घासतो आणि फाटतो. वरचा विशबोन चाक खाली लटकताना स्प्रिंगला टेकायला लागतो, त्याचा बॉल जॉइंट कोनाच्या टोकाला जातो, आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, इतका घटतो की स्टिअरिंग सरळ राहायचं विसरतं. हे सगळं सोडवता येतं: नवे विशबोन, डिफरन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट. पण मग एका दुरुस्तीतून दुसरी निघत जाते, आणि ती कुठल्या खऱ्या गरजेसाठी करतोय हा प्रश्न विचारायलाच हवा.

मागे पॅनहार्ड रॉड असतो, ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा. त्याची लांबी 900 मिमी. गाडी उचलली की तो तिरपा होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. आडव्या स्थितीतून 40 मिमी उचललं तर जेमतेम 1 मिमीचा फरक पडतो, तो सोडून देण्यासारखा. 75 मिमीला 3 मिमीच्या वर. मग कमी-जास्त करता येणाऱ्या रॉडचा विचार करावा लागतो.

आणि आता तंबूचं गणित. या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 75 सेंमीवर धरला. टपावर रॅक आणि तंबू मिळून 95 किलो, जमिनीपासून सुमारे 1.95 मीटरवर. 95 गुणिले 1.2 मीटर भागिले 2990. उत्तर 38 मिमी. म्हणजे टपावरच्या त्या दोन वस्तूंनी गाडीचा गुरुत्वमध्य 38 मिमी वर नेला होता. 40 मिमीची लिफ्ट गुरुत्वमध्य 35 मिमीच्या आसपास वर नेते, कारण चाकं आणि ॲक्सल जागेवरच राहतात. मित्राने एकही स्प्रिंग बदलण्याआधी गाडीला, कलंडण्याच्या दृष्टीने, दीड इंची लिफ्ट दिलेली होती. वर गाडीखालची मोकळी जागा वाढण्याऐवजी घटली होती.

गाडी बाजूला किती तिरकी धरली तर उलटते हे चाकांमधल्या रुंदीचं निम्मं आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर ठरतं. रुंदी तीच, उंची वाढली, की सवड घटते. आडव्या उतारावर गाडी चालवलेल्या प्रत्येकाला पोटात येणारा तो गोळा माहीत आहे. एकटा तंबू काढल्याने गुरुत्वमध्य 25 मिमी खाली आला. लिफ्टसाठी लागणाऱ्या उंचीची बरीचशी किंमत त्या एका निर्णयाने फेडली.

स्प्रिंग

उद्दिष्ट असं ठरवलं: पूर्ण भरलेली गाडी कंपनीच्या रिकाम्या गाडीपेक्षा पुढे 35 आणि मागे 30 मिमी उंच राहावी. मोठे टायर घालायचे नव्हते, त्यामुळे याहून जास्त उंचीचं कारणच नव्हतं.

कडकपणा ठरवताना मी एका जुन्या तत्त्वाला धरून चालतो: गाडी मूळ अवस्थेत ज्या लयीत वरखाली होत होती, भरल्यावरही साधारण त्याच लयीत व्हावी. लय कडकपणा आणि स्प्रिंगवर बसलेलं वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर चालते. मागे ॲक्सल आणि चाकांचं 220 किलो स्प्रिंगच्या खालीच असतं, ते वजा करायचं. मूळ गाडीत एका बाजूला 395 किलो आणि 32 न्यूटन: सेकंदाला 1.43 हेलकावे. जुन्या स्प्रिंगवर, मागच्या ॲक्सलवर 1560 किलो असताना: 1.1. हाच तो मागून डुलण्याचा त्रास, आकड्यात. नव्या वजनाला, म्हणजे एका बाजूला 610 किलोंना, 48 न्यूटनची स्प्रिंग घेतली तर 1.41. म्हणून 48.

पुढे एक गुंतागुंत आहे. डबल विशबोनमध्ये स्प्रिंग चाकावर बसत नाही, विशबोनच्या मध्ये कुठेतरी बसते. या गाडीत चाक 10 मिमी हललं की स्प्रिंग 6 मिमी दाबली जाते, प्रमाण 0.6. चाकाला जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले 0.6 चा वर्ग. मूळ 100 न्यूटनची स्प्रिंग चाकाला फक्त 36 ची वाटते. नवी 120 ची घेतली, चाकाला 43. लय पुन्हा मूळच्या 1.32 वर आली. याच प्रमाणामुळे पुढच्या कॉइलओव्हरच्या डोक्यावर 20 मिमीचा स्पेसर ठेवला तर चाक 33 मिमी खाली जातं. हे न कळल्यामुळे लोक गरजेपेक्षा जास्त उचलून बसतात.

मागची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद हवी. पुढचं चाक उंचवटा आधी घेतं, मागचं नंतर. मागची बाजू थोडी घाई करून पुढच्याला गाठते आणि गाडी नाक-शेपूट करत बसत नाही. 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या अभियंत्याने हे मांडलं. आजही स्प्रिंग निवडताना पहिला धडा तोच. मित्राच्या गाडीत पुढे 1.32 आणि मागे 1.41 म्हणजे हे नातं टिकून होतं.

कॅटलॉग वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आम्ही निवडलेली मागची स्प्रिंग पूर्ण भरलेल्या गाडीत 30 मिमी उचलते. सामान उतरवून फक्त कायमच्या वजनावर 50 मिमी. तीच स्प्रिंग कोऱ्या, काहीही न चढवलेल्या गाडीत घातली तर 74 मिमी. एकच स्प्रिंग, तीन लिफ्ट. त्यामुळे "दोन इंची" या शब्दापुढे "किती वजनावर" हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. बऱ्याच चांगल्या उत्पादकांच्या यादीत एकाच गाडीला तीन-चार स्प्रिंग असतात, प्रत्येकीसमोर जादा वजनाचा पट्टा दिलेला असतो. तो पट्टा आधी वाचावा, इंच नंतर.

शॉकअप

स्प्रिंग बदलून शॉकअप जुने ठेवायचा मोह होतो. तो टाळायला हवा. स्प्रिंगचा कडकपणा दीडपट झाला, वजनही दीडपटीला गेलं, तर जुना शॉकअप हेलकावा आवरण्याची आपली एक तृतीयांश ताकद गमावतो. जड स्प्रिंग दाबली गेल्यावर परत उसळते ती जास्त जोराने, आणि ती उसळी धरून ठेवणं हे शॉकअपचं खरं काम. शिवाय लांबी. उंच झालेल्या गाडीत जुना शॉकअप वर उसळताना आधीच टोकाला लागतो, आणि मग प्रत्येक झटका त्याच्या आतल्या सीलवर जातो.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. पत्र्याच्या नाल्यांसारख्या उठलेल्या रस्त्यावर शॉकअप मिनिटाला शेकडो वेळा हलतो, ती सगळी ऊर्जा तेलात उष्णता होऊन उतरते. तेल पातळ होतं, त्यात हवा मिसळून फेस झाला की शॉकअप जणू रिकामा होतो. थांबून हात जवळ नेला तरी धग लागते. म्हणून आम्ही जाड नळीचे, दाबाखाली नायट्रोजन भरलेले एकनळी शॉकअप घेतले. एकच तोटा, उघड्या नळीला दगडाचा घाव लागला तर पिस्टन अडकू शकतो. मागच्या दोघांना त्यासाठी पत्र्याचं कवच लावलं.

बसवताना

काम एका दिवसात झालं. तीन गोष्टी मात्र कुणी विसरू नयेत.

मागच्या ॲक्सलवरून एक बारीक दांडी चॅसीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हकडे जाते. मागची बाजू किती बसली आहे त्यावरून हा व्हॉल्व्ह गाडी भरलेली की रिकामी ते ओळखतो, आणि रिकामी असेल तर मागचा ब्रेक कमी करतो. गाडी उचलली की त्याला ती कायम रिकामी वाटते. ब्रेक लावल्यावर नाक जास्त खाली जाण्याची मित्राची जुनी तक्रार स्पेसर घातल्यानंतरचीच होती. दांडीचा ब्रॅकेट बदलून ती मूळ कोनात आणली. ज्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

चाकं पूर्ण लटकवून ब्रेकचे होज आणि एबीएसच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हे हाताने चाचपून पाहिलं. मागचा एक होज ताणात होता, त्याचा क्लिप खाली घेतला.

मग अलाइनमेंट, दौऱ्याच्या निम्म्या सामानासह. कॅस्टर कंपनीच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला पण पट्ट्यात बसला, वरचे विशबोन बदलावे लागले नाहीत. 75 मिमीला हे जमलं नसतं. शेवटी हेडलाइट खाली घेतले.

सहा हजार किलोमीटरनंतर

निघण्याआधी मागच्या शॉकअपच्या दांड्याला एक झिप-टाय आवळून ठेवला होता. शॉकअप दाबला गेला की तो सरकतो आणि सगळ्यात खोल गेलेल्या जागी राहतो. जुन्या स्प्रिंगवर हीच खूण पहिल्या तासातच तळाला लागली होती. नव्या स्प्रिंगवर चार दिवसांच्या दगडी वाटेनंतर ती बंप स्टॉपच्या 18 मिमी अलीकडे थांबली. थोडी जागा उरावी, सगळी उरू नये, तसंच झालं. पूर्ण प्रवासात खूण अर्ध्यावरच राहिली असती तर मी स्प्रिंग गरजेपेक्षा कडक निवडली असं म्हटलं असतं.

नव्या स्प्रिंग मागे 6 मिमी बसल्या. तेवढ्या बसतातच, म्हणून अलाइनमेंट आणि हेडलाइट पुन्हा तपासले. रिकामी गाडी शहरातल्या गतिरोधकावर पूर्वीपेक्षा कडक लागते, हे खरं आहे आणि मित्राला ते आधी सांगितलं होतं. त्याच्या घरच्यांना मात्र ते सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

आता त्याला पुढे मोठी दिव्यांची पट्टी आणि जास्त ताकदीची विंच हवी आहे. पुढच्या ॲक्सलवर 20 किलो शिल्लक आहेत, आणि बंपरवर टांगलेल्या 20 किलोंचे तिथे 26 होतात. ड्रॉवरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने प्रत्येक वस्तूचं वजन आणि अंतर लिहिलेला कागद चिकटवला आहे. विंच हवी असेल तर त्या कागदावरून आधी काय खोडायचं, यावर आमचं बोलणं चालू आहे.